कात्रीवर ठेवलेला हात

दुकानात शिरल्या की मॅडम आधी माझ्या कात्रीवर हात ठेवायच्या. शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान. बसची घाई असलेलं गिऱ्हाईक 'घशाच्या कॅप्सूल दोनच द्या' म्हणतं आणि मी पट्टी कापायला घेतो. मॅडम कात्री दाबून धरत त्या गिऱ्हाइकालाच विचारायच्या, "बाकीन्या गोया कोन खाई?"

"मॅडम, गिऱ्हाईक जाई ऱ्हायनं," मी कुरकुरायचो.

"जाऊ दे. जंतू नही जात."

लोणखेड्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवाणूशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माझ्या दुकानातलं बाकडं हाच त्यांचा वर्ग. त्या काळात तुम्ही स्टँडवर उतरला असाल, तर एखादा तास तुम्हीही ऐकला असेल. बरीचशी औषधं जंतूच्या अंगाभोवतीची भिंत पाडतात, त्या सांगायच्या. मग काही वस्ताद जंतू ती भिंतच टाकून देतात, गोल, मऊ होऊन गप्प बसतात आणि औषध थांबलं की पुन्हा भिंत उभी करतात. "भिंतच नही, ते पाडशी काय?" असं म्हणून माझ्याकडे अशा बघायच्या, जणू ती युक्ती मीच त्यांना शिकवली होती.

पुढे तसलाच एक जंतू त्यांच्या वाट्याला आला. लघवीचा संसर्ग, थंडी वाजून ताप. गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या, रिपोर्ट स्वच्छ यायचा आणि ताप परत यायचा. तरुण डॉक्टर समजुतीने म्हणाले, "रिपोर्टमध्ये काही नाही, मॅडम. या वयात मनाला फार लावून घेऊ नका."

त्या दिवशी त्या बाकड्यावर बसल्याच नाहीत. "मन्हा डोकामा नही, मन्हा मूत्रपिंडमा शे तो," म्हणाल्या. भिंत टाकलेला जंतू, तपासणीसाठी जंतू वाढवतात त्या नेहमीच्या थाळीत फुटून जातो, उगवतच नाही. म्हणून तो नाहीच म्हणायचं? मला त्या डॉक्टरचा त्यांच्याइतकाच राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या स्कूटरवर लोणखेड्याला निघालो. मागे मॅडम, त्यांच्या छातीशी रुमालात गुंडाळलेली लघवीची बाटली. "खड्डा पाहीसन चालाड. पुरावा सांडी जाई."

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ताजा थेंब ठेवून त्यांनी मला बघायला लावलं. गोल, फिकट ठिपके. मला त्यातलं काही कळलं नाही, मॅडमचा चेहरा मात्र कळला. त्यांनी फोन करून डॉक्टरांना तिथेच बोलावलं. डॉक्टर आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं." मग त्यांनी भिंतीच्या वाटेला न जाणारं दुसरं औषध सुरू केलं.

ताप हटला. काही महिने तो हात पुन्हा माझ्या कात्रीवर होता. पण मूत्रपिंडं तोवर पार खराब झाली होती, आणि मॅडम गेल्या. मला फार एकटं वाटलं.

आमच्याकडे माणूस गेलं की घरचे उरलेली औषधं दुकानात परत आणतात. मॅडमची लेकही पिशवी घेऊन आली. मी ती काउंटरवर पालथी केली. पट्ट्याच पट्ट्या, अगदी शेवटच्या आठवड्यातल्याही, आणि सगळ्या रिकाम्या.

"आई सांगेल व्हती, काकाले दखाडी ये," ती म्हणाली.

मॅडम हरल्या असं मी म्हणणार नाही. त्या पट्ट्या मी काउंटरच्या काचेखाली लावल्या आहेत. कोणी 'दोनच द्या' म्हणालं की आता मीच कात्रीवर हात ठेवतो. गिऱ्हाईक कधीकधी चिडून निघून जातं.

जाऊ दे.