बॅटरीच्या पाण्यात धुतलेली माती

जालन्यात माझी नोकरी टिकली ती परतूरच्या मॅडममुळे. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. जालन्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागलो. तिशीही उलटली नव्हती, तरी सगळे मला मामाच म्हणत. तिकडे भांडी धुणारा, घंटा देणारा, सगळेच मामा.

मॅडम तिथे शिकवत आणि विभागप्रमुख सरांच्या हाताखाली पीएचडीही करत. विषारी द्रावकाचा थेंबही न वापरता औषधाच्या कामाचे रेणू बनवायचे, हा त्यांचा विषय. दोन भुकट्या आणि आम्लात मुरवलेली पांढरट माती खलात घोटायची, की भुकट्यांचं नवं संयुग व्हायचं. माती उत्प्रेरक; काम करून देते, स्वतः संपत नाही. गाळून, धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून ती पुन्हा पुन्हा चालली पाहिजे, तरच त्यांचा प्रबंध उभा राहणार होता. धुण्याचं काम माझ्याकडे होतं, तेही डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेल्या पाण्यानंच.

त्या उन्हाळ्यात कॉलेज टँकरवर चाललं होतं. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला थंड ठेवायलाच बादल्यांवर बादल्या लागतात, म्हणून सरांनी ते बंद करवलं. म्हणाले, "बॅटरीत घालतात ते पाणी डिस्टिल्डच असतं. जुन्या जालन्यातून कॅन आणा." मी आणला. त्या पाण्यानं धुतलेली माती कामातून गेली. मॅडमनी खांदे भरून येईपर्यंत घोटलं, भुकट्या जशाच्या तशा.

सरांनी मला बोलावलं. मॅडमही तिथेच होत्या. "मामा, माती धुता का नुसती पाण्याला दाखवता? का तिकडं समुद्रात खंगाळायची सवय आहे? एक तारखेपासून दुसरा माणूस बघतो."

गावी काय सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मॅडम म्हणाल्या, "सर, मामांनी माझ्यासमोर धुतली माती. मंग मलाबी काढा."

"तुमच्या प्रबंधावर सही कोणाची लागते, ठाऊक आहे ना?"

"तुमचीच, सर. पण आधी पाणी तर बघू. त्याला काय खर्चा न्हाई."

त्यांनी कॅनमधलं थोडं पाणी काचेच्या बशीत आटवलं. तळाला पांढरा थर राहिला, अगदी आमच्या चहाच्या पातेल्यात बसायचा तसा. दुकानदारानं साधं बोअरचं पाणी भरून दिलं होतं. त्यातल्या क्षारांनी मातीतलं आम्ल काढून घेतलं, असं मॅडमनी मला समजावलं. तीच माती त्यांनी पुन्हा आम्लात भिजवली, यंत्र सुरू करून शुद्ध पाण्यानं धुवायला लावली, वाळवली. या वेळी खलात संयुग झालं.

सरांनी ती बशी उचलून पाहिली. "बॅटरीवाला पक्का चोर निघाला," म्हणाले आणि वर्गावर गेले. एक तारखेला मी कामावर होतो. पुढे कायमही झालो.

आभार मानायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या हो मामा. ओव्हन गरम झाला का बघा."

सही ज्यांच्या हातात, त्यांच्याच तोंडावर त्या माझ्यासाठी बोलल्या. मी मात्र शेजारी गप्प उभा होतो. त्यांच्यावर कधी अशी पाळी न येवो. पण आली, तर समोर कोणी का असेना, त्या दिवशी मी बोलणार.