कारणाचा रकाना

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांची पायपीट सुरू होते. नांदेड आणि लातूर यांच्या मधल्या एका लहान गावात आमचं कला महाविद्यालय आहे आणि मी तिथं भूगोल शिकवतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रवेशासाठी मुलं रांगा लावत असतील. आमच्याकडं सगळं उलटं. रांग आम्ही लावतो, मुलांच्या दारात. वर्गात नावं कमी भरली की तासिका कमी होतात, तासिका कमी झाल्या की एक माणूस अतिरिक्त ठरतो, आणि तो बहुतेक वेळा भूगोलवाला असतो. इतिहास आणि मराठी कसंही करून तगतात, त्यांच्याकडं बोलणारी माणसं जास्त.

म्हणून एका मोटारसायकलवर दोघं, पिशवीत फॉर्म, स्टेपलर आणि डिंकाची बाटली, अशी आमची स्वारी गावोगाव निघते. गावात शिरण्याआधी कुणाचं घर कोणत्या समाजाचं याची चौकशी झालेली असते. एका दारात राम राम, दुसऱ्या दारात जय भीम, तिसऱ्यात सलाम, चौथ्या लिंगायत दारात शरणार्थ. एरवी वर्षभर मी कुणाला धड नमस्कारसुद्धा करत नाही असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. जूनमध्ये मात्र मी सगळ्यांचा असतो.

या कामाला आमच्यात ‘कागद उचलणं’ म्हणतात. मुलाची मूळ टीसी आणि मार्कमेमो ताब्यात घ्यायचा, फॉर्मवर सही घ्यायची, झालं. मूळ टीसीशिवाय दुसरीकडं कुठंच प्रवेश पक्का होत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजची माणसंही त्याच गावांतून फिरत असतात, त्यामुळं ज्याच्या पिशवीत टीसी त्याचं पोरगं, असा सरळ हिशेब. एकदा मी आणि त्यांचा एक जण एकाच ओसरीवर समोरासमोर बसलो होतो. घरधन्यानं दोघांनाही चहा दिला आणि म्हणाला, “तुमी ठरवा, मंग मला सांगा.” तेव्हा आम्ही हसलो होतो.

भूगोलवाला म्हणून प्राचार्यांनी आणखी एक काम माझ्या गळ्यात घातलेलं आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांचा तक्ता करायचा. गाव, अंतर, मुलगे किती, मुली किती, मध्येच सोडून किती गेले, आणि शेवटी कारणाचा रकाना. कुरकुर करत घेतलेलं हे काम पुढं मला आवडायला लागलं. आकडे नीट मांडले की गावं बोलायला लागतात. ज्यांच्याकडं मार्क आहेत आणि बापाच्या अंगात थोडी धमक आहे, ते लातूरला शिकवणीला जातात. बाकीचे मुलगे आयटीआय, हैदराबाद, पुणे. उरतात मुली. त्या मुलींमध्येही दिवेलागणीच्या आत घरी पोचवणारी बस ज्या गावाला आहे, त्याच गावच्या मुली येतात. आमचं कॉलेज आम्ही नाही, बसचं वेळापत्रक चालवतं, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्या रुबाबात सांगायचो. कारणाच्या रकान्यात मुलग्यांपुढं ‘रोजगार’ लिहायचं आणि मुलींपुढं ‘विवाह’. फार विचार करावा लागायचा नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या मोटारसायकलवर कंधारच्या बाजूच्या एका गावात गेलो होतो. आमच्याकडून बसनं चाळीस मिनिटं. बसथांब्यालाच लागून किराणा दुकान, दुकानदाराची मुलगी बारावी झालेली, मार्क चांगले. “शरणार्थ, मामा,” म्हणत मी पोत्यावर टेकलो. मुलगी आतून पाणी घेऊन आली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, “सर, माझं लातूरला नर्सिंगला जायचं चाललंय. यादी लागायची हाय.”

मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं, आठवू नये असं कितीही वाटलं तरी. मी म्हणालो, “लागू दे की यादी. नाही लागली तर वर्ष वाया नको. कागद आमच्याकडं ठेव, लागले की पाच मिनिटांत परत.” मग बापाकडं वळून लातूरच्या वसतिगृहाबद्दल, तिथल्या मुलींबद्दल, लांब राहणाऱ्या लेकीच्या काळजीबद्दल बोललो. खोटं काही बोललो नाही. फक्त बापाच्या मनात जी भीती आधीच होती, तिला बसायला पाट मांडला. मुलगी दाराला टेकून ऐकत होती. बाप म्हणाला, “दे बाई. सरांपाशी हाय म्हंजी आपल्या पेटीत हाय.” तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिले.

ते कागद मी भूगोलाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, गुंडाळलेल्या नकाशांच्या खाली ठेवले. चावी माझ्याच खिशात असायची.

जुलैत एका बुधवारी तिचा फोन आला. यादीत नाव लागलं होतं, शनिवारी शेवटची तारीख. त्या वर्षी आमच्या पहिल्या वर्षाची नावं अगदी काठावर होती आणि प्राचार्यांनी आदल्याच दिवशी मला बोलावून ‘बघा बुवा’ एवढंच म्हटलं होतं. मी तिला सांगितलं की क्लार्क विद्यापीठाच्या कामाला नांदेडला गेलाय, कपाटाची चावी त्याच्याकडं आहे, उद्या बघू. गुरुवारी तिनं दोनदा फोन केला. मी उचलला नाही. शुक्रवारी ती स्वतःच आली.

खिडकीतून मला ती फाटकातून येताना दिसली. एकटीच होती, हातात तीच पिशवी. मी शिपायाला म्हटलं, “मी नांदेडला गेलोय म्हणून सांग.” तो जुना माणूस, माझ्याकडं क्षणभर पाहून खाली गेला. मी भूगोलाच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं आणि स्टुलावर बसलो. बाहेर पोर्चसमोर मोठा लिंब आहे, आम्ही गाड्या लावतो त्या सावलीत. ती तिथं बसली. दुपारचा एक वाजला, तीन वाजले. मी डबासुद्धा त्याच खोलीत खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण पोट भरून खाल्ला. पाच वाजता ती उठली आणि बसथांब्याकडं गेली.

तेव्हाही उठून तिच्या मागं जाता आलं असतं. बस यायला वेळ होता, कपाट हाताच्या अंतरावर होतं. मी स्वतःला समजावलं की मुलीला शिक्षण तर मिळतंच आहे, बीए काय वाईट, घरच्या घरी राहील. माणूस स्वतःचा वकील असला की केस कधी हरत नाही. सोमवारी तिचं नाव मी यादीत चढवलं. नावं भरली, भूगोल वाचला, मीही वाचलो.

ती कॉलेजात आली, याचंच मला तेव्हा बरं वाटलं. पहिल्या बाकावर बसायची, नकाशे सुरेख भरायची. एका शब्दानं कधी काही बोलली नाही. एकदा मी स्थलांतराची कारणं शिकवत होतो. पुरुष रोजगारासाठी जातात, स्त्रियांच्या स्थलांतराचं मुख्य कारण विवाह. तिनं ते वहीत उतरवून घेतलं, खाली पट्टीनं रेघ मारली, आणि पुढच्या मुद्द्यासाठी माझ्याकडं पाहिलं. मला खडू सापडेना, तो हातातच होता. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. तक्त्यात तिच्यापुढं मी ‘विवाह’ लिहिलं. त्याच गावातली तिची एक मैत्रीण त्या जुलैत लातूरला गेली होती, ती आता तिथल्या दवाखान्यात नर्स आहे असं मागाहून कानावर आलं. मैत्रिणीसाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

पुढं त्या गावाचा आकडा घसरायला लागला. चारांवरून दोन, मग एक, आणि गेली तीन वर्षं शून्य. सहकारी जाऊन हात हलवत परत यायचे. कॉलेज तपासायला समिती आली तेव्हा एका सदस्यानं तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, “या एकाच गावाचं असं का?” मी ताबडतोब म्हणालो, “सायंकाळची बससेवा अपुरी आहे, सर.” त्यांनी मान डोलावली आणि अभ्यास चांगला आहे म्हणाले. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. निदान खोटं आहे असं तपासून पाहायची गरज मला वाटली नव्हती.

यंदा प्राचार्य म्हणाले, त्या गावात तुम्हीच जा. माझी गाडी दुरुस्तीला होती म्हणून बसनं गेलो. उतरलो तर समोर तेच दुकान, आणि गल्ल्यावर तीच. नवरा हैदराबादला कंपनीत आहे, वडलांना आता नीट दिसत नाही, म्हणून ती इथंच राहून दुकान बघते. तिनं मला लगेच ओळखलं, फळकूट पुसून बसायला दिलं, आत चहा सांगितला. तिच्या चुलत्याची मुलगी यंदा बारावी झाली होती, तीच चहा घेऊन आली. मी सवयीनं पिशवीतून फॉर्म काढला. सवय मेल्याशिवाय जात नाही.

“कागद दे सरांना,” ती चुलत बहिणीला म्हणाली, “झेरॉक्स दे.”

“मूळ लागतील,” मी म्हटलं.

“असली न्हाई देत सर आता गावात कुणी. झेरॉक्स ठिवा. पोरीचं कुटं लागलं न्हाई तर ती सोताच असली घिऊन यील तुमच्याकडं.”

“कामून असं?” मी विचारलं. विचारताना उत्तर कळलेलं होतं.

ती तराजूचं पारडं फडक्यानं पुसत होती. “मीच सांगितलंय समद्यांला. लग्नाच्या आधी घरोघर जाऊन सांगितलं, अन् माहेरी आले की सांगतच ऱ्हायले. कुणाला बी देऊ नका मनलं, सर आले तरी देऊ नका.”

आवाजात राग नव्हता. साखरेचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी तीन वर्षं ज्या शून्याचा अभ्यास करत होतो ते शून्य समोर बसून पारडं पुसत होतं. चहा होता, पण तो पिण्याचा धीर होईना. शेवटी मी म्हणालो, “त्या शुक्रवारी तू आली होतीस ना, तेव्हा मी कॉलेजातच होतो.” सहा वर्षांत हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळसुद्धा.

“मला ठावं हाय की सर,” ती म्हणाली. “तुमची गाडी हुबी होती. मी तिच्यापाशीच बसले होते. मनलं, गाडी घ्यायला तर येतालच.”

त्या दिवशी मी काय काय लपवलं होतं, पण गाडी लपवायची राहिली होती.

“मग बोलली का नाहीस? दीड वर्ष समोर बसत होतीस.”

“काय बोलावं. सर होता तुमी,” ती म्हणाली, आणि पारडं जागेवर अडकवत, “अन् कागद मीच दिले होते, माझ्या हातानं.”

मला वाटतं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी जरा हलका होऊन उठलो असतो. तिनं माझा अपराध उचलून निम्मा स्वतःच्या पदरात घेतला आणि मला माफी मागायलाही जागा ठेवली नाही. मी तरी म्हणालो, “माझं चुकलं.” ती “चहा घ्या सर, गार व्हायलाय” म्हणाली. दारात उभी असलेली चुलत बहीण झेरॉक्स हातात धरून आमच्या दोघांकडं पाहत होती. मी तिला विचारलं, तुला कुठं जायचं आहे. ती म्हणाली, लातूरला, नर्सिंगला. मी फॉर्म परत पिशवीत ठेवला.

रस्त्यावर हॉर्न वाजला. ती गल्ल्यावरून वाकून पाहत म्हणाली, “सर, पाचची गाडी आली. टेकायचं असलं तर टेका, सहालाबी हाय एक, सातलाबी हाय.”

मी पाचची धरली. बसमध्ये माझ्यापुढच्या बाकावर शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या दोन मुली होत्या, मांडीवर वह्या. खिडकीतून वारा येत होता आणि कंडक्टर सुट्टे मागत होता.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता भरायला बसलो. गावाचं नाव लिहिलं, अंतर लिहिलं, मुलगे शून्य, मुली शून्य. कारणाच्या रकान्यात पेन टेकवून बराच वेळ बसलो. प्राचार्यांनी दारातून विचारलं, “झाला का?” मी झाला म्हणालो आणि लिहिलं, सायंकाळची बससेवा अपुरी. पाचच्या गाडीचं तिकीट तेव्हा माझ्या खिशातच होतं.