मागच्या तारखेचा नियम

"सर, मूट कोर्ट झालं मागच्या महिन्यात. नियम लागला आज. मग माझी चूक झाली कवा?"

नसरीन हे प्राचार्यांना, त्यांच्याच केबिनमध्ये विचारत होती. मी शेजारी उभी होते. क्रांती चौकाजवळच्या लॉ कॉलेजात मी ज्युरिस्प्रुडन्स शिकवते. म्हणजे कायदा कशाला म्हणायचं, तो का पाळायचा, याचा विचार. कोर्टात याचा काडीचा उपयोग नाही, असं स्टाफरूममध्ये मला नेहमी प्रेमाने सांगितलं जातं.

मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट. मुलं वकील होतात, शिक्षक न्यायाधीश. त्या वर्षी पाहुण्यांसमोर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. प्राचार्यांना ते लागलं. महिन्याने नोटीस निघाली : गैरहजर असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. बाकीच्यांनी आपापले वजनदार मामा-काका फोनवर आणून काम भागवलं. नसरीन सिल्लोडहून एसटीने यायची. मूट कोर्टाच्या दिवशी ती बाळंत झाली होती. तिच्याकडे मामा नव्हता, माझ्या विषयाच्या नोट्स होत्या.

"मी सही केली, बोर्डावर लावला. झाला नियम," प्राचार्य म्हणाले.

कायदा म्हणजे सत्तेची आज्ञा आणि मागे शिक्षेची धमकी, असं मानणारा एक जुना पंथ आहे. तो समजावताना वर्गात माझा घसा बसतो. सरांनी एका दमात उरकला.

"पण आधी सांगितलंच नाय, तर पाळायचा कसा?" नसरीन म्हणाली. "असा नियम नियमच नसतो, असंबी काही लोक मानतात. मॅडमनी शिकवलंय."

सर माझ्याकडे वळले.

"हे शिकवता तुम्ही?"

"सिलॅबसमध्ये आहे, सर."

"सिलॅबसमधलं सगळं शिकवलंच पाहिजे का?"

नसरीन थांबली नाही. "सर, हे वर्ष गेलं तर घरचे पुन्हा पाठवणार नायत. मला बसू द्या. नायतर कारण लिहून द्या, मी कोर्टात विचारते."

'कोर्ट' या शब्दाला लॉ कॉलेजात जेवढं घाबरतात, तेवढं इतर कुठं घाबरत नसतील. सरांनी चहा मागवला. संध्याकाळी नोटिशीत 'पुढील वर्षापासून' हे शब्द आले. ते आधीपासूनच होते, टायपिंगमध्ये राहिले, असं आम्हाला समजलं.

नसरीन पास झाली. वकिलीची सनद घेतली. आता सिल्लोडच्या कोर्टात उभी राहते. वेळापत्रकात माझा तास मात्र शनिवारी सगळ्यात शेवटी गेला. कारण विचारलं, तर 'सर्वांच्या सोयीसाठी'.

कायद्याचं तत्त्वज्ञान मुलांनी परीक्षेपुरतं पाठ केलं, तर कॉलेज खूश असतं. एखादीला ते खरोखर समजलं, की वेळापत्रक बदलावं लागतं.