शेणाची पारख करणारी मावशी

शेण हुंगून गाय आजारी आहे की धडधाकट, हे सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. शहराला नळाने गॅस पुरवणाऱ्या आमच्या कंपनीने बेसा गावाच्या पुढे शेणापासून गॅस काढायचा कारखाना टाकला, तेव्हा ती फाटकावर होती. तिला सगळे मावशीच म्हणत.

शेणाची ट्रॉली आली की मावशी मूठभर शेण उचलायची, दाबायची, नाकाशी न्यायची. माती लागली की ट्रॉली परत! गोठेवाले बडबडायचे, पण तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. मी नवा इंजिनियर, डोक्यात डिग्रीची हवा. मला आधी शिसारी यायची. ती म्हणायची, "टाकी म्हंजे पोट आहे बाबू. पोटाले काय खाऊ घालून राहिलो, हे पाहाच लागते." पुढे मीही हुंगायला शिकलो. आंघोळ केल्याशिवाय बायको घरात घेत नसे, ते वेगळं. खरं सांगतो, नोकरीतले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

मग वरचे साहेब येणार असं कळलं. दुसऱ्या टाकीत पैसा घालायचा की कारखानाच गुंडाळायचा, हे ते ठरवणार होते. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की आधी झाडलोट. साहेब गोठेही बघतील म्हणून मी सगळ्या गोठेवाल्यांना फिनाइलने गोठे धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्या ट्रॉल्या अडवल्या. शेणाला फिनाइलचा वास होता. साहेबांना टाकी भरलेली दिसली पाहिजे, या घाईत मी तिच्यावर खेकसलो आणि ट्रॉल्या आत घेतल्या. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

फिनाइलने टाकीतले गॅस करणारे जिवाणू मेले. साहेब आले त्या दिवशी गॅस दाखवायला ठेवलेली शेगडी पेटेना. हे फिनाइलचं शेण आत कुणी घेतलं, असं त्यांनी विचारलं. मी खाली वाकून शेगडीची नळी तपासू लागलो. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माह्याच हातून झालं, साहेब."

तिला त्याच दिवशी काढलं. शेगडी पेटवून दाखवायला साहेबांनी आम्हाला महिनाभराची मुदत दिली. मी तिच्या घरी गेलो, साहेबांना खरं सांगतो म्हणालो. तिने चहा पुढे केला.

"काहून गा? तू गेला तं टाकीकडे कोण पाहीन? आता आठ दिवस तिले उपाशी ठेव. मंग ताजं शेण दे, थोडं थोडं."

तसंच केलं. महिना संपायच्या आत शेगडी पेटली. दुसरी टाकी झाली, यंदा तिसरी होतेय. कितीतरी घरांत आमच्या गॅसवर पोळ्या भाजल्या जातात आणि मी आता कारखान्याचा मुख्य आहे. मावशीला परत बोलवायचं दरवर्षी मनात यायचं. पण बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती कधीच झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी वारली. चूक माझी होती, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. तिला वाचता येत नव्हतं. तोंडानेच सांगायला हवं होतं, सगळ्यांसमोर, त्याच दिवशी.