तीन पॉइंट चौदा पाय

तान्हा पोळा: माप लेखी दिले. दसऱ्याची आदली सकाळ: पत्र्याची धान्यकोठी घरी आली. दसऱ्याचा दुसरा दिवस: पहिली नोटीस, पोचपावतीसह. दिवाळीनंतरच्या मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा दिवस: दुसरी नोटीस. जबाबदार इसम तीन. पहिला, सडक अर्जुनीच्या हायवेवरचा पत्राकाम करणारा कारागीर. दुसरे, परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला मराठीत 'पाय' म्हणू देणारे सर्व ज्ञात-अज्ञात विद्वान. तिसरी माझी पत्नी. तिचा सहभाग मात्र घटनेनंतरचा आहे.

प्रकरण बियाण्याचे आहे. पत्नीने माहेरहून आणलेला बारीक, सुवासिक धान आता आमच्या गावात दुसऱ्या कोणाच्या भाताच्या बांधीत उरलेला नाही. गेल्या वर्षी जुन्या कोठीचा तळ गंजला, उंदीर शिरले आणि पेरायला जेमतेम एक पायली उरली. पुन्हा तसे झाले तर हे वाण आमच्या घरातून कायमचे जाणार होते. तेव्हा नवी कोठी हवी होती. परंतु जुन्या कोठीचे जड झाकण शाबूत असल्यामुळे तेच बसले पाहिजे, अशी पत्नीची अट होती.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आहे. तोंडी व्यवहारातून काय निष्पन्न होते ते मी आयुष्यभर पाहिले, म्हणून माप दोन पानांवर, आकृतीसह दिले. त्यात असे नमूद केले की पत्रा वळवला की त्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणते आणि फक्त मधला थर मूळ लांबीचा राहतो. सबब सपाट पत्र्याची लांबी काढताना आतल्या व्यासात पत्र्याची जाडी मिळवावी. आतला व्यास नव्वद सेंटीमीटर, जाडी दोन मिलिमीटर. यास्तव ९०.२ गुणिले पाय, आणि पुढे ठळक अक्षरांत: पाय = ३.१४. उत्तर दोनशे त्र्याऐंशी सेंटीमीटर व वर थोडे. जोडावर जोड चढवण्यासाठी अडीच सेंटीमीटर वेगळे.

टेम्पोतून उतरलेल्या कोठीला तीन लांब पाय होते आणि चौथ्या जागी एक खुंट. ती अंगणात खुंटाच्या बाजूला कलून उभी राहिली, जणू तिला कोणीतरी कानात काही सांगत होते.

मी त्याच टेम्पोत बसून सडक अर्जुनीला गेलो. कारागिराने शांतपणे माझा कागद काढला आणि ठळक अक्षरांवर बोट ठेवले.

"बाबूजी, तुमीच लिवले ना. पाय तीन पॉइंट चौदा. तीन पुरे लावलो, चवथा चौदा सेंटीमीटरचा लावलो. मले बी वाटलं, असं काऊन? पण शिकलेला मानूस हाय, काही हिशेब असन."

मी विचारले, पाय हे कोठीचे समजलास तर पत्रा कोणत्या आधारे कापलास? त्याने खुंटीवरची सुतळी दाखवली. माझा कागद न्यायला घरी आला तेव्हा झाकणाच्या ओठाभोवती ती एक वेढा गुंडाळली, वर जोडासाठी दोन बोटे धरली, झाले. मी तिथेच त्या सुतळीची लांबी मोजली. माझ्या दोन पानांच्या उत्तरात आणि तिच्यात एका नखाचाही फरक नव्हता. घरी झाकणही असे बसले की काढताना पत्नीला दोन्ही हात लावावे लागले. हे त्याच्या बाजूचे पुरावे असले तरी मी ते दडवत नाही.

नोटिशीत मी पाय कापून नेण्याची मागणी केली. मुदत संपायच्या आत मळणी झाली, आणि पत्नीने खुंटाखाली वीट सरकवून कोठी बियाण्याने भरली. मी हरकत घेतली. विषय न्यायप्रविष्ट होण्याच्या मार्गावर आहे, वस्तुस्थितीत बदल करू नये, असे तिला समजावले. तिने खाली वाकून कोठीखालच्या रिकाम्या जागेतून झाडू फिरवला.

"उंदीर चढून नाई राहिले," ती म्हणाली. "तुमाले कायचा राग येऊन राहिला?"

उंदीर खरोखरच चढले नाहीत. बियाणे पेरणीपर्यंत अखंड राहिले, त्याचे परे, म्हणजे लावणीची रोपे, हिरवेगार उगवले. हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु एखादी चूक उपयोगी पडली म्हणून ती चूक राहत नाही, हा न्याय मला कोणत्याही कायद्यात सापडलेला नाही.

आता त्या कारागिराने माझी आकृती दुकानाच्या भिंतीवर चिकटवली आहे. आजूबाजूच्या गावांतून लोक येतात आणि 'बाबूजीवाली कोठी' मागतात. तो प्रत्येकीला तीन पाय आणि एक खुंट लावतो. परवा एका गिऱ्हाइकाने चौथाही पुरा लाव म्हटले, तर त्याने नकार दिला. हिशेबात बसत नाही म्हणाला. आणि ते गिऱ्हाईक खातरजमा करायला माझ्याच दारात आले.

म्हणून ही जाहीर मागणी. सदर कारागिराने येत्या ग्रामसभेत आमच्या गावी येऊन, सर्वांसमक्ष उभे राहून सांगावे की ते पाय मी मागितले नव्हते. माझी पत्नी तिथे हजर असेल आणि उंदरांचा विषय काढेल. तिच्याकडे न पाहता सांगावे.