दादाने उतरवलेली वायर

दादा गेल्याचं मला वॉचमनने सांगितलं. घाटकोपरला एकाच बिल्डिंगमध्ये तो पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. सख्खा भाऊ, पण सहा वर्षं अबोला. दीड महिना झाला, लोक म्हणतात गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं... बोललो असतो, पण माणूस महाखडूस होता.

त्याला हॅम रेडिओचं वेड. परवाना काढलेला, गच्चीवर अँटेना, आणि संध्याकाळी जगभरच्या अनोळखी लोकांशी गप्पा. वायर जितकी लांब तितका सिग्नल मरतो, म्हणून सेट गच्चीखालीच, माझ्या घरात ठेवलेला. रोज सहाला यायचा, माझा चहा प्यायचा आणि वर त्यालाच नावं ठेवायचा.

मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. अँटेना दुसऱ्या कोपऱ्यात गेली, वायर चार हात कमी पडली. दादा गावी होता. म्हटलं, आपण करून ठेवू, खूश होईल. घरात डिश टीव्हीची उरलेली वायर होती. तारा पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. पावसाचं पाणी टेपमधून आत शिरलं, वायरभर पाझरलं आणि सेट जळाला. सगळ्या बिल्डिंगसमोर तो गच्चीत म्हणाला, "तुझ्या हाताक अक्कल नाय. परत तुझ्या घरात पाय ठेवूचंय नाय."

आणि नाहीच ठेवला. नवा सेट घेतला, जाडजूड, महागाची, एकसंध वायर आणली आणि माझ्या खिडकीसमोरून थेट खाली नेली. सिग्नल मेला तरी चालेल, भावाच्या घरात बसणार नाही! ब्राझीलच्या माणसाची तब्येत विचारायचा हा. मला ताप आला तेव्हा फिरकला नाही. मीही ठरवलं, अपमान त्याने केलाय, यायचं त्याने.

परवा वहिनी म्हणाल्या, वायर काढून टाका. काढायला गेलो तर माझ्या खिडकीपाशी सांधा. व्यवस्थित कनेक्टर, पाण्याचा थेंब शिरणार नाही असा बंद केलेला. चांगली एकसंध वायर मधेच कापली कशाला? वहिनींना विचारलं.

"तुम्ही मालाडला गेला होता तेव्हा केलं, भाऊजी. म्हणाले, त्याने बोलावलंन तर सांधा सोडून वायर इथूनच आत घ्यायची. सेट वर न्यायचा."

"मग सांगायचं ना मला!"

"म्हणाले, चूक त्याची, बोलवायचं त्याने."

मेल्याने तिथेही हेका सोडला नाही. असा संताप आला! पण चूक माझीच होती. तीन मजले उतरून 'दादा, वर चल' एवढंच म्हणायचं होतं... सहा वर्षांत मी म्हटलं नाही.