नाडी न पाहता दिलेलं चिनी औषध

मी परभणीहून निघाले त्या दिवशी वस्तीच्या कमानीजवळ माझ्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला होता. ‘आपली लेक निघाली जर्मनीला’. खाली वस्तीतल्या पुढाऱ्यांचे छोटे छोटे चेहरे. तो सुरेशकाकांनी लावला होता, स्वतःच्या खर्चाने. सुरेशकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. विहारात वंदना झाली, बायकांनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आईने पिशवीत सुंठ, ओवा आणि ज्येष्ठमधाच्या काड्या कोंबल्या. “तिकडं घसा धरला तर कोण बघणार हाय तुला?” बाबा बाजार समितीत हमाल आहेत. त्यांनी सगळ्यात जड बॅग खांद्यावर घेतली आणि जीपपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

हे रागात लिहायचं नव्हतं. लिहून खोडलं, परत लिहिलं. पण राग काढला की यात काही उरतच नाही. म्हणून तसंच लिहिते, तिकडे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही.

म्युनिकजवळच्या गार्चिंगला मी रसायनशास्त्रात मास्टर्स करते. वोनहाइममध्ये म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात आमच्या मजल्याला एकच स्वयंपाकघर. तिथे शेजारच्या खोलीतली चिनी मुलगी लिन मातीच्या भांड्यात काढा उकळायची. मुळं, साली, सुकलेली फळं. वास जिन्यापर्यंत जायचा. मजल्यावरचा एक जर्मन मुलगा नाक दाबून म्हणायचा, “हा सगळा होकुसपोकुस आहे, नुसतं थोतांड.” लिन शांतपणे विचारायची, “मग तुझी आजी सर्दीला कॅमोमाइल पिते, तेव्हा तिलाही असंच सांगतोस?”

एकदा घसा बसला म्हणून मी ज्येष्ठमधाची काडी चघळत होते. लिनने ती हातातून घेतली, वास घेतला आणि ओरडलीच, “गानत्साओ!” चिनीत ज्येष्ठमधाला तेच म्हणतात. त्यांच्या बहुतेक काढ्यांत हे असतं म्हणे, बाकीच्या औषधांना एकमेकांशी जुळवून घ्यायला लावतं. त्या दिवसापासून आमची मैत्री. पाळीच्या दुखण्यासाठी ती म्युनिकमधल्या एका चिनी डॉक्टरबाईंकडे जायची. एकदा मलाही सोबत नेलं. बाईंनी लिनची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून कितीतरी वेळ नाडी पाहिली, झोप, भूक, घाम, सगळं विचारलं. मग दांगग्वे नावाचं मूळ आणि आणखी काही वनस्पती लिहून दिल्या. औषध आपोटेकमधून म्हणजे औषधांच्या दुकानातून घ्यायचं, तिथे प्रत्येक मुळी तपासलेली असते. काही दिवसांनी परत जायचं, की बाई काढा बदलणार. मी सहज म्हटलं, माझंही पोट दुखतं, तुझाच थोडा दे. लिनने भांड्यावर हात ठेवला. “आमच्या घरी कुणी दुसऱ्याचा काढा पीत नाही. तो माझ्या अंगासाठी आहे. तुला भलतंच होईल.”

मला ते जरा कंजूषपणाचं वाटलं. आमच्याकडे एकाला गुण आला की ते औषध अख्ख्या गल्लीला जातं. मायेनेच जातं.

हिवाळ्यात एकदा आईने फोनवर सांगितलं, बाबा बाजारात चक्कर येऊन पडले. आठवडा होऊन गेला होता. “तू घाबरशील म्हणून सांगितलं नाय.” बीपीच्या गोळ्या चालू होत्या ना, असं विचारलं तर आई हळूच म्हणाली, “त्या बंद केल्या त्यांनी. सुरेशभाऊ हल्ली चिनी औषध विकतेत ना, तेच घेतेत.”

मी फोटो मागवला. हिरवी डबी, पुढे इंग्रजीत सगळं नैसर्गिक असल्याची हमी, मागे बारीक चिनी अक्षरं. डबीसोबत एक पत्रक. गुडघे, साखर, बीपी, मुळव्याध, सगळ्यावर एकच कॅप्सूल. आणि पत्रकावर माझा फोटो. फ्लेक्सवरचाच. ‘जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी मानलेलं’.

मी तशीच लिनचं दार वाजवलं. तिने फोटो मोठा करून वाचला आणि तिचा चेहरा उतरला. “माहुआंग आहे यात. थंडी वाजून ताप आला, छाती भरली, तर आमच्याकडे थोडे दिवस देतात. याने बीपी वाढतं. आणि गानत्साओ. रोज जास्त खाल्लं तर त्यानेही बीपी चढतं. बीपीच्या माणसाला हे दिलं कुणी? नाडी कुणी पाहिली?”

कुणीही नाही.

मी बाबांना फोन केला. मला भांडायचं होतं. ते म्हणाले, “दवाखान्यातला डॉक्टर मान वर करून बघत नाय बाई. वरून खेकसतो. सुरेश येतो, बाजंवर बसतो, चहा पितो, दुखतंय का इचारतो. आन कागदावर तुझा फोटो व्हता. म्हणलं लेकीच्या तिकडचंच आसंल.”

याचं मी काय करू? त्या डॉक्टरचाही राग आला, ज्याला माझ्या बापाकडे बघायला वेळ नव्हता. ‘झाडपाला आहे, नुकसान तर नाही ना’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा राग आला. आणि होकुसपोकुस म्हणणाऱ्याचाही आला. लिनच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नाडी पाहून, माणूस पाहून जे सांभाळलं, ते कुणीतरी डबीत कोंबलं आणि बाकी सगळं फेकून दिलं.

काकांना फोन लावला. ते हसलेच. “अगं हर्बल हाय ते! झाडपाल्यानं कुणी मरतं का?”

“काका, धोत्राही झाडपालाच आहे.”

“चार बुकं काय शिकली, काकाला शिकवायला लागली! फ्लेक्स लावला तवा काका चांगला व्हता.”

ते खरं होतं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. पत्रकावरून माझा फोटो काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, तुझ्या फोटोनं वस्तीतल्या चार जणांना गुण येतोय, तुझं काय जातंय?

मी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. या डबीत काय आहे, बाबांचं काय झालं, मी हे औषध कधी मानलेलं नाही, ज्यांनी बीपीच्या गोळ्या सोडल्या त्यांनी आजच दवाखान्यात जा. आवाज चढला होता. काकांचं नाव घेतलं. घ्यायला नको होतं असं सगळे म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही.

काही जणांनी डब्या परत केल्या. बाबांनी गोळ्या सुरू केल्या. पण काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली नाही. बाबांनी मला एवढंच म्हटलं, “तू तिकडं बसून बोललीस. आम्हाला रोज त्याच्या दारावरून जायचंय.” त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

एरवी इथे मी कुणावर चिडत नाही. बस चुकली, ऑफिसातल्या बाईने कागद परत केले, तरी मी ‘डांके’, म्हणजे थँक्यू, म्हणून बाजूला होते. एवढा राग यायला आपली माणसं लागतात. घर म्हणजे मला आता तेच वाटतं. आणि मग रविवार येतो. मी पाठवलेलं बीपीचं मशीन आई मोबाइलसमोर धरते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, तोंडही दाखवत नाहीत. बाही वर करून हात तेवढा पुढे करतात, आणि आकडा मला दिसेपर्यंत तो हात मागे घेत नाहीत.